चाळीस माणसं आणि एक कोट

जगातली बहुतेक मोठी शहरं मी पाठमोरी पाहिली. पाठमोरा मी, शहरं नव्हे. आयफेल टॉवरसमोर चाळीस माणसं उभी करायची, टॉवरकडे पाठ करायची आणि माणसांकडे तोंड करून बोलायला लागायचं, हा माझा धंदा. लंडनचं ते मोठं घड्याळ, रोमचं कलोसियम, पॅरिसची कमान, या सगळ्यांनी माझ्या पाठीवरची बॅग चोवीस वर्षं पाहिली. मी पाहिली ती नागपूर, काटोल, उमरेड, भिवापूरकडची तोंडं. थंडीनं गारठलेली, चालून चालून थकलेली, आणि माझ्या इतिहासाच्या मधेच 'भाऊ, बाथरूम कुठं आहे?' असं विचारणारी.

लोकांना वाटतं टूर मॅनेजर म्हणजे फुकट जग फिरणारा नशीबवान माणूस. नागपूरच्या महाल भागात आमच्या गल्लीतले लोक मला अजून तसंच समजतात. खरं काम सांगतो. पहाटे उठून सगळ्यांच्या खोल्यांत फोन लावायचे. कोणाचा पासपोर्ट उशीखाली राहिला, कोणाची कवळी ग्लासात राहिली, ते पाहायचं. भिवापूरचे एक व्यापारी होते, ते खिशात तिखटाची डबी घेऊन फिरत आणि इटलीतल्या पिझ्झ्यावर ती उपडी करत. तिथल्या आचाऱ्यानं एकदा चव घेऊन पाहिली आणि तो पंधरा मिनिटं नळाखाली तोंड धरून उभा होता. त्याची समजूत काढणं हेही माझंच काम. दुसरे एक काका लंडनच्या त्या घड्याळाखाली उभे राहून आपलं मनगटी घड्याळ मागं करायला तयार होईनात. "माह्यं घड्याळ बरोबर आहे. त्यायचंच मांगं हाय," म्हणाले. पुढचे सगळे दिवस ते नागपूरच्या वेळेनं जेवायला मागत होते.

पण या सगळ्याच्या वरचं काम एकच: माणसं मोजणं. बसमध्ये चढताना मोजायची, उतरताना मोजायची, बोटीत, लिफ्टमध्ये, हॉटेलात मोजायची. आणि एकदा मोजून चालत नाही, दोनदा मोजायची. पहिली मोजणी आपल्या डोक्यासाठी, दुसरी आपल्या झोपेसाठी, असं मी नव्या पोरांना शिकवायचो.

मोजायची माझी पद्धत वडिलांकडून आलेली. ते काटोलच्या फळबाजारात मोजणीचं काम करत. संत्री मोजताना टोपलीत टाकलेल्या पहिल्या फेकीला ते 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. लाभ, दोन, तीन, असं चालायचं. मी हे काम धरलं तेव्हा ते म्हणाले होते, "माणसाले एक-दोन करून मोजू नाही बापू, नजर लागते. मोजाचंच असंन तर लाभ म्हणून सुरू करजो. अन् मोजणाऱ्यानं सोताले मोजू नाही." मी ते पाळलं. बसच्या दारात उभं राहून पुटपुटायचो, लाभ, दोन, तीन. स्वतःला कधी धरलं नाही.

आता त्या टूरबद्दल सांगतो. गेली काही वर्षं ती कोणाला सांगितली नाही. सांगितली असती तर कंपनीनं मला डोक्याच्या डॉक्टरकडे पाठवलं असतं.

दिवाळीनंतरची युरोपची टूर होती, चाळीस जणांची. खरं तर एकेचाळीस असायचे. काटोलचे देवरावजी बोढारे आणि त्यांच्या पत्नी सुमनताई, संत्र्याची बाग असलेलं जोडपं, दोघांचं बुकिंग होतं. निघायच्या महिनाभर आधी देवरावजी झोपेतच गेले. त्यांचं तिकीट रद्द झालं. सुमनताईंचंही रद्द करायला मी फोन केला, तर त्या म्हणाल्या, "काहून? मी येऊन राहिली ना. त्यायचा कोट शिवून आला काल. थो संगं कोण नेईन?"

आणि खरंच त्या कोट घेऊन आल्या. गडद निळा, काटोलच्या शिंप्यानं शिवलेला, नवाकोरा. बसमध्ये त्यांनी खिडकीची जागा सोडली, तिथं पाठीला तो कोट नीट अडकवला आणि आपण बाजूला बसल्या. चाळीस जणांच्या गटाला एकोणपन्नास सीटची बस होती, एक सीट कोटाला गेली तर कोणाचं काय बिघडणार होतं. त्या हळू आवाजात कोटाला दाखवत असायच्या, "पाहा जी, लाल बस. वरतं बी माणसं बसले हायत." पहिल्या दिवशी लोकांचे डोळे भरून आले. तिसऱ्या दिवसापर्यंत सवय झाली.

मला सवय झाली नाही, कारण माझी मोजणी चुकायला लागली.

पहिल्यांदा लंडनला, ट्रफाल्गर चौकात. बसच्या दारात मोजली, एकेचाळीस भरले. हसलो, दुसऱ्यांदा मोजली, चाळीस. पॅरिसला आयफेल टॉवरच्या लिफ्टपाशी दारावरचा माणूस हातातलं बटण दाबत एकेकाला आत सोडत होता. गट आणि मी मिळून आम्ही एकेचाळीस. त्याच्या यंत्रात बेचाळीस आले. त्यानं माझ्याकडे संशयानं पाहिलं, पुन्हा तिकिटं मोजली, खांदे उडवले. ॲमस्टरडॅमला भारतीय जेवणाच्या हॉटेलात वाढप्यानं सुमनताईंच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीसमोर पाणी ठेवलं, पोळी वाढली. खुर्चीला कोट होता, म्हणून चुकला असेल, असं मी म्हटलं. पण कोट काही वरणभात मागत नाही. मी त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "साहब ने बोला ना, थोड़ा चावल और." आणि आजूबाजूला साहेब शोधायला लागला.

मी भूतबीत मानणारा माणूस नाही. मी मोजणारा माणूस आहे. पहिली मोजणी रोज एकेचाळीस आणि दुसरी रोज चाळीस यायला लागली तसा मी रडकुंडीला आलो. चिडून मी स्वित्झर्लंडला एक चूक केली. बसमध्ये माईक हातात होता, लोक झोपाळले होते, त्यांना हसवायचं म्हणून मी त्या कोटाकडे पाहून म्हटलं, "देवरावजी, तुम्ही रोज माझी मोजणी बिघडवता. आता तुम्ही माझे असिस्टंट. कोणी मागं राहिलं, तर तुम्ही त्याच्याजवळ थांबायचं, मी येईपर्यंत हलायचं नाही. कबूल?"

बस हसली. सुमनताई हसल्या नाहीत. त्यांनी कोटाच्या खांद्यावरची सुरकुती हातानं सारखी केली आणि मला म्हणाल्या, "भाऊ, कामाचं बोलले तुमी. हे कामाले नाही म्हनत नाहीत कधी. ध्यानात ठेवजा."

आता दुसऱ्या माणसाबद्दल सांगायला हवं. याच टूरमध्ये उमरेडचे विठोबाजी नंदनवार होते. जन्मभर हातमागावर बसलेले, सत्तरीचे, ऐकायला कमी. मुलानं कुठल्याशा बक्षिसात मिळालेलं एक तिकीट बापाच्या नावावर केलं होतं. ते एकटे होते, म्हणून त्यांना माझ्या खोलीत घेतलं होतं. म्हणजे रोज रात्री ते माझ्याच खोलीत झोपत. पलंगाच्या अगदी कडेला झोपायचे, उरलेला पलंग दुसऱ्या कोणासाठी ठेवल्यासारखा. एकदाच माझ्याशी सविस्तर बोलले. मागासमोरच्या भिंतीवर त्यांच्या मालकानं एक कॅलेंडर लावलं होतं, जुनं झालं तरी काढलं नाही. त्यावर एक मोठा चौक, लांबलचक कमानी आणि कबुतरंच कबुतरं. "चाळीस वर्सं थोच चौक पाहून राहिलो मी. हाय का तो आपल्या रस्त्यात?" त्यांनी खिशातून त्या कॅलेंडरचा घडी घातलेला कागद काढला. तो व्हेनिसचा सेंट मार्क चौक होता. मी म्हटलं, हो, आहे. त्यांनी कागद परत ठेवला आणि नंतर कधी काही मागितलं नाही.

जो माणूस काही मागत नाही, तक्रार करत नाही, उशिरा येत नाही, तो टूर मॅनेजरच्या डोक्यातून निघून जातो. तिखटवाले व्यापारी मला झोपेतही दिसायचे. विठोबाजी शेजारच्या पलंगावर असून दिसायचे नाहीत. याची मला आजही लाज वाटते.

व्हेनिसला बस शहरात जात नाही. बाहेर थांबते, तिथून बोटीनं जायचं आणि ठरलेल्या वेळेच्या बोटीनंच परत यायचं. आम्ही पोचलो तेव्हा धुकं होतं. चौकात पोचल्यावर मी समुद्राकाठचे दोन उंच खांब दाखवले आणि सांगितलं, की इथली माणसं या दोन खांबांच्या मधून जात नाहीत, पूर्वी तिथं फाशी द्यायचे. मग सगळ्यांना दीड तास मोकळा दिला. दुपार कलत आली तसा भोंगा वाजला. समुद्राचं पाणी चढणार असलं की तो तिथं वाजतो. आता म्हणे त्यांनी समुद्राला दारं बसवली आहेत, तेव्हा नव्हती. चौकाच्या फरशीतल्या भोकांतून पाणी वर यायला लागलं, आवाज न करता, कुठून येतं ते कळू न देता. माणसं फळ्यांच्या उंच वाटेवरून पळायला लागली. बोटवाला ओरडत होता, आमच्यामागं दुसऱ्या बोटी लागल्या होत्या.

बोटीच्या फळीवर उभं राहून मी एकेकाला आत घेतलं. लाभ, दोन, तीन. शेवटच्या माणसाला चाळीस आले. पहिल्याच मोजणीत बरोबर चाळीस! दहा दिवसांत पहिल्यांदा. मला इतका आनंद झाला की मी दुसरी मोजणी केलीच नाही. चोवीस वर्षांत ती एकदाच चुकवली. बोट सुटली.

पाण्यावर थोडं पुढं गेल्यावर सुमनताई उठून माझ्याकडे आल्या. कोट त्यांच्या हातावर होता. चेहरा पांढराफटक.

"भाऊ, हे उतरले."

"कोण उतरलं?"

"आमचे हे. चढतानी होते माह्या मांगं. आता नाहीत. कोनी तरी मांगं राहिलं असंन, म्हनून उतरले."

मी वैतागलो. "ताई, आज तरी मला छळू नका. चाळीस आहेत. मी मोजलेत."

"मंग पुन्हा मोजा ना जी," त्या म्हणाल्या.

मी मोजली. एकोणचाळीस. पुन्हा मोजली. एकोणचाळीस. मग मी चेहरे पाहायला लागलो, कोण नाही ते पाहायला. आणि खरं सांगतो, मला कोण नाही ते आठवेना. चाळीस जणांची नावं मला पाठ होती, आणि कुठलं गळलंय ते सापडेना. गटात विचारलं, तर त्यांनाही सांगता येईना. कोणीतरी म्हणालं, "थे मांगच्या सीटवरचे बुवा होते ना, थे..." तेव्हा मला माझ्या खोलीतला तो पलंगाच्या कडेचा देह आठवला.

बोटवाला वळायला तयार नव्हता. पलीकडे पोचून गट ड्रायव्हरच्या हवाली केला आणि सरकारी बोटीनं उलटा निघालो. सुमनताई माझ्यामागं चढल्याच. "तुमाले थे दिसाचे नाहीत. मले दिसतीन," म्हणाल्या. विठोबाजींचा फोन बॅगेत, बॅग बसमध्ये. खिशात हॉटेलचा पत्ता नाही, कानांना ऐकू येत नाही, इंग्रजी येत नाही, आणि पाणी चढत होतं. मी रस्ताभर देवाला नाही, त्या कोटाला हात जोडत होतो. माझ्या हातून एका माणसाचा जीव गेला तर उमरेडला जाऊन त्याच्या घराच्या पायरीवर काय बोलायचं, याची वाक्यं मी मनात जुळवत होतो, आणि एकही जुळत नव्हतं.

चौकात पोचलो तेव्हा दिवे लागले होते आणि सगळा चौक पाण्याचा झाला होता. कमानी पाण्यात उलट्या दिसत होत्या. माणूस नाही, कबुतर नाही. आमच्या पायांचा आवाज तेवढा पलीकडच्या भिंतीवरून परत येत होता. मी "विठोबाजी!" म्हणून ओरडलो. ऐकू न येणाऱ्या माणसाला हाका मारत होतो, हे ध्यानातही आलं नाही.

सुमनताईंनी माझी बाही ओढली. "थे पाहा. दोघं बी हायत."

त्या दोन खांबांपैकी एकाच्या पायऱ्यांवर विठोबाजी बसले होते. पाणी खालच्या पायरीला लागलं होतं. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं, ओठ निळे, पण चेहरा शांत. ते पायरीच्या एका कडेला बसले होते आणि बाजूला एका माणसाची जागा सोडली होती. मी दोघं पाहिले नाहीत. मी एकालाच पाहिलं, पण तो ज्या तऱ्हेनं बसला होता तसा एकटा माणूस बसत नाही.

मी त्यांचे हात धरून रडायला लागलो. ते गोंधळले. "काहून रडता भाऊ? मी घाबरलो नाही ना. थो चौक पाहत राहिलो, वेळ गेला. पानी आलं तसा चाललो होतो तिकडं," त्यांनी खोल पाण्याच्या, काळोख्या बाजूला बोट केलं, जिथं काठ संपतो. "तं थे काटोलवाले आले. म्हने, तिकडं जाऊ नका जी, इथं बसा. माह्यं कामच हाय, भाऊ येऊन राहिले. मंग बसलो आमी."

"तुम्हाला ऐकू आलं?" मी त्यांच्या कानाशी ओरडलो.

"त्यायचं आलं," ते म्हणाले.

सुमनताईंनी कोट झटकला आणि विठोबाजींच्या खांद्यावर घातला. बरोबर मापाचा बसला. एकेक करत सगळी बटणं लावली. परतीच्या बोटीत त्या ढसाढसा रडल्या. नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच, असं त्यांनीच सांगितलं. "आता माह्याजवळ नाहीत थे," म्हणाल्या. "यायच्या संगं हायत. राहू द्या. मले तुमी सगळे होते, या बुवाले कोन होतं?"

त्यानंतर फ्लॉरेन्सला, रोमला पहिली मोजणी चाळीस आणि दुसरीही चाळीसच. कामावरच्या माणसाला मोजणीत धरत नाहीत, मलाही नाही. सुमनताईंच्या शेजारची सीट रिकामी राहिली, पण नुसती रिकामी. मागच्या बाजूला विठोबाजी निळा कोट घालून कडेला बसलेले असायचे. मी तिथवर जाऊन मोजायचो आणि त्यांच्यापासून सुरुवात करायचो. त्यांचा खांदा धरून म्हणायचो, लाभ. पुढच्या साऱ्या टूरमध्ये मी हेच केलं. आधी शोधायचं, की या गटात कोण हरवला तर कोणालाच कळणार नाही. मग तो माणूस म्हणजे लाभ. कंपनीच्या पुस्तकात ही पद्धत नाही.

विमानानं मुंबईमार्गे दुपारी नागपूरला उतरलो. हार, पेढे, फोटो, नातवंडांची धावाधाव. सुमनताईंना न्यायला काटोलहून जीप आली होती. जाताना त्या विठोबाजींसमोर थांबल्या, कोटाची कॉलर नीट केली आणि त्यांच्या खांद्याच्या थोडं पलीकडे पाहून म्हणाल्या, "येते मी." जीप गेली. मग एकेक करत सगळे गेले. उरले विठोबाजी. मुलगा येणार होता, आला नव्हता. फोन लावला, तर म्हणाला, "अरे, आजच होतं काय? दोन तास लागतीन मले."

माझी टूर संपली होती. गट सोपवला की टूर मॅनेजर मोकळा. बाहेर ऑटो उभा होता, घर महालात, पंधरा दिवसांनी अंघोळ स्वतःच्या मोरीत करायची होती. मी बॅग उचलली, तर विठोबाजी बाहेरच्या बाकावर बसलेले दिसले. अगदी कडेला, शेजारी एका माणसाची जागा सोडून. भर दुपार होती, ऊन होतं, आणि मी ऑटोवाल्याला हात करून जायला सांगितलं.

मी परत गेलो आणि बाकापाशी उभा राहिलो. विठोबाजींनी वर पाहिलं. मग मान वळवली आणि शेजारच्या मोकळ्या जागेला म्हणाले, "सरका गा जरासे. भाऊले बसू द्या."

मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकलो, मधली जागा तशीच ठेवून. मुलगा येईपर्यंत हलायचं नाही असं ठरवलं. वडिलांची शिकवण मोडून, आयुष्यात पहिल्यांदा, मी स्वतःला धरून मोजलं. लाभ, दोन, तीन.